पटावरचे सात कातकरी

९ जानेवारी १९६१, सोमवार

अध्यक्ष भाऊसाहेबांनी बोलावून घेतलं आणि शाळेचा इतिहास लिहायला सांगितलं. येत्या जूनमध्ये मुरबाडच्या आमच्या श्रमोदय यंत्रशाळेला दहा वर्षं होतात. दहा वर्षांचा इतिहास म्हणजे बाळाला दात कधी आले त्याची नोंद. पण भाऊसाहेबांना स्मरणिका काढायची आहे, आणि स्मरणिकेत अध्यक्षांच्या दोन फोटोंच्या मधे काहीतरी छापावं लागतं. ते काहीतरी माझ्याकडे आलं.

मी इथे पहिल्या दिवसापासून गणित आणि भाषा शिकवते. कल्याणच्या एका साप्ताहिकात अधूनमधून टोचून लिहिते, म्हणून गावात मला लेखिका समजतात आणि जरा अंतर ठेवून बोलतात. शाळेची नियमावलीही माझ्याच हातची. त्यातलं नववं कलम मला अजून तोंडपाठ आहे: ‘सलग तीस दिवस गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल व त्यास पुनश्च प्रवेश मिळणार नाही.’ एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही.

भाऊसाहेब म्हणाले, चार पानं आदिवासी विद्यार्थ्यांवर हवीत, जिल्ह्याचे साहेब समारंभाला येणार आहेत. मी बरं म्हटलं. तालुका सगळा वाड्यापाड्यांचा, आणि मला आठवून आठवून एकही चेहरा आठवेना. हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

जनरल रजिस्टर घेऊन बसले. ठाकूर समाजाचे चार जण दिसतात, दोघे पास होऊन गेले. कातकऱ्यांचे सात. १९५१ ते १९५७, दर वर्षी नेमाने एक: सुक्या, नामदेव, पोश्या, धोंड्या, जयराम, काळू, लहू. आडनावाच्या जागी सगळ्यांच्या ‘कातकरी’, गाव एकच, धसईच्या पलीकडची वाडी. सगळे जूनमध्ये दाखल, सगळ्यांची नावं दिवाळीनंतर तांबड्या शाईने कमी. सगळ्यांचे पालक आयाच: बारकी, रखमी, मैना, बाईजा, सावळी आणि आणखी दोन. अंगठे आहेत. गंमत म्हणजे सातही अंगठ्यांवर मधोमध एक तिरकी कोरी रेघ. विळ्याने कापलेलं असणार. या बायकांची कामंच तसली, एकीचा म्हणून अंगठा धड नसतो.

सात वर्षांत सात आले आणि सात गेले. संध्याकाळी प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहून टाकलं: ‘कातकरी समाजाला यंत्राचे कुतूहल आहे, परंतु ते पाच महिन्यांहून अधिक टिकत नाही.’ वाचून पाहिलं. चावतं बरं.

२४ जानेवारी, मंगळवार

सावळाराम मिस्त्रींना विचारलं. फिटरचा वर्ग पहिल्यापासून त्यांच्या हातात. दोन वर्षांत निवृत्त व्हायचे आहेत, त्यामुळे कुणालाच घाबरत नाहीत, असं मी समजत होते. मी सात नावं वाचली तसं ते शेगड्याच्या पकडीत अडकवलेला लोखंडी ठोकळा उगाच सोडवायला आणि परत आवळायला लागले. म्हणाले, आठवत नाय. नंतर म्हणाले, सगळी पोरं सारखीच. मी म्हटलं, सातांतला एक तरी बरा असेल की. तर म्हणाले, "सातही बरे व्हते. पन बाई, तुमी त्यांच्यावर नका लिहू. इमारतीवर लिहा, कौलांवर लिहा."

मिस्त्रींच्या मनात कातकऱ्यांबद्दल अढी आहे असं दिसतं. एवढा मोकळा माणूस, पण जातीपाशी येऊन अडलाच. वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीने धसईला गेले. सातांपैकी एक तरी जिवंत मनुष्य पाहावा म्हणून. बाजारात चौकशी केली तर लोक म्हणाले, वाडी आता मिळायची नाही, निम्मी कोळशाच्या भट्ट्यांवर गेलीय. दिवाळी झाली की हे लोक बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जंगलात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दहा वर्षं इथे राहून मला हे ऐकीव ठाऊक होतं. दिवाळी आणि तांबडी शाई यांची मात्र मी कधी गाठ घातली नव्हती.

तरी चालत गेले. चार-पाच बायका होत्या. मी यादी वाचली. रखमी कोण विचारल्यावर एक जण "मी" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. तुझा मुलगा आमच्या शाळेत होता ना, बावन्न साली? यावर सगळ्याच हसायला लागल्या. रखमी म्हणाली, "मुरबाड मी अजून बघलं पन नाय." मैनाचंही तेच. मला राग आला. आपला मुलगा शाळेत होता हे आईला आठवू नये?

शेवटी एक म्हातारी पुढे आली, बारकी. तिने मला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "काय इचारायचं ते गिरणीत सुक्याला इचार, बाय."

गिरणी म्हणजे भाऊसाहेबांचीच भातगिरणी. तिथल्या ऑइल इंजिनपाशी सुक्या होता. चोवीस वर्षांचा, किडकिडीत, हात कोपरापर्यंत काळे. चार वर्षं तो ते इंजिन सांभाळतो. चालू इंजिनाला कान लावून कुठला नट ढिला आहे ते सांगतो म्हणे. मला पाहून उभा राहिला. "बाई, तुमी ब्याण्णव भागिले साडेतीन करायला दिलतं नि कुनालाच आलं नव्हतं," म्हणाला. ते मी पहिल्या वर्षी दिलं होतं, खरंच. मग त्याने त्रेपन्न साली वर्गात साप निघाला ते सांगितलं, छपन्न साली माझा चष्मा फुटला तेही, आणि ‘तुमच्या डोक्यात कानस फिरवायला पाहिजे’ हे माझं वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. वाडीतल्या बाकीच्या सहा जणांकडून ऐकून या मुलाने शाळेची सगळी वर्षं जपून ठेवली आहेत. इतिहास लिहिणारीला असा माणूस भेटणं म्हणजे भाग्य.

निघताना त्याने एक विचारलं. अंबरनाथकडे एका कारखान्यात फिटरच्या जागा निघाल्या आहेत, एक जागा आदिवासींसाठी राखून ठेवलेली. तीन वर्षं ती जागा ‘लायक उमेदवार नाही’ म्हणून रिकामी जाते. वय पंचविसाच्या आत पाहिजे आणि फिटरचा दाखला पाहिजे. अर्ज एकतीस मार्चपर्यंत. पुढल्या वर्षी त्याचं वय निघून जाईल.

मी म्हटलं, तू पाच महिने शिकलास, तुला दाखला कसा मिळेल? तो "पाच नाय, बाई," एवढंच म्हणाला. तेवढ्यात गिरणीतून कुणीतरी हाक मारली.

६ फेब्रुवारी, सोमवार

काल बारकीने तांब्या हातात दिला तेव्हा तिचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर होता. तिरकी चीर. ते मला आज सकाळी दात घासताना दिसलं.

शाळेत जाऊन रजिस्टर उघडलं. सात अंगठे एकाखाली एक पाहिले. एकच अंगठा.

म्हणजे एकच मुलगा.

मिस्त्रींच्या पुढ्यात रजिस्टर नेऊन ठेवलं. त्यांनी हात पुसले आणि बसले. मग सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी सुक्या आला, दिवाळीला भट्टीवर गेला, नाव गेलं. जूनमध्ये परत आला तर कारकुनाने नववं कलम दाखवलं. तासाभराने तोच मुलगा चुलतभावाचं नाव घेऊन आला, आणि त्याच्या आईने शेजारणीचं. दुसऱ्या जूनला आणखी एक चुलतभाऊ, आणखी एक शेजारीण. वाडीतली नावं पुरतील तोवर.

"तुम्ही ओळखलंत कधी?"

"चेहरा नाय ओळखला. त्यानं कानस धरली तवा ओळखली. पयल्या दिवसाच्या पोराची कानस डुलते, ह्याची सरळ गेली." मग जरा आवाज चढवून म्हणाले, "मी काय पोलीस हाय? नाव कायबी सांगू दे. पटावर तो दर वर्षी पयलीतच. मी त्याला मागं कोपऱ्यात बसवायचा नि मागच्या दिवाळीला जिथं सोडलं व्हतं तिथनं पुढं शिकवायचा. पाच महिने गुणिले सात. तुमीच करा बाई गणित, पोरांना लई करायला लावता."

पस्तीस. आमचा पूर्ण अभ्यासक्रम चोवीस महिन्यांचा आहे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

काल पुढे लिहिवलं नाही.

सात वर्षं तो माझ्या वर्गात, चार हातांवर बसला. मी सात वेळा त्याची हजेरी सात नावांनी घेतली आणि एकदाही वर पाहिलं नाही. मिस्त्रींनी निदान कानस पाहिली. आणि ते नववं कलम, ज्यात एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. खरंच नव्हती. एक मुलगा आत यायला त्याला सात नावं लागली.

ते ‘कुतूहल पाच महिन्यांहून अधिक टिकत नाही’ फाडून टाकलं. मिस्त्रींच्या अढीबद्दल जे लिहिलंय ते तसंच राहू देते. मागे उलटून वाचलं की लाज वाटावी म्हणून.

१५ फेब्रुवारी, बुधवार

प्रकरण लिहिते आहे आणि थांबते आहे. खरं छापलं तर सुक्या खोट्या नावांनी शिकला हेही छापावं लागतं, आणि मिस्त्रींनी ते दडवलं हेही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. न छापलं तर सुक्या म्हणजे पाच महिन्यांत पळालेला एक मुलगा, आणि कारखान्यातली जागा चौथ्या वर्षी रिकामी.

मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "माझं सोडा. त्याला वय थांबत नाय."

२६ फेब्रुवारी, रविवार

धसईला गिरणीशेजारच्या भाऊसाहेबांच्या घरी जाऊन प्रकरण वाचून दाखवलं. मिस्त्री बरोबर आले, धुतलेली टोपी घालून. वाचून झाल्यावर भाऊसाहेब बराच वेळ सुपारी कातरत बसले. मला वाटलं, आता फसवणूक, शिस्त, चौकशी. पण त्यांची अडचण निराळीच निघाली. सरकारला गेलेल्या दर अहवालात ‘कातकरी लाभार्थी: सात’ असं गेलेलं आहे. "सात हा आकडा चांगला आहे, बाई. त्याचा एक कशाला करता?"

दुसरी अडचण त्यांनी बोलून दाखवली नाही, पण ती इंजिनाच्या टुकटुक आवाजात मला ऐकू येत होती. दाखला मिळाला की सुक्या जाणार, आणि गिरणीच्या इंजिनाला कान लावणारा दुसरा माणूस धसईत नाही. ते एवढंच म्हणाले, की त्याचं इथे काय वाईट चाललंय.

मी घरून धारदार वाक्यं घेऊन गेले होते, ती सगळी गिळली. टोचून माणूस बदलत असता तर कल्याणचं निम्मं गाव आतापावेतो संत झालं असतं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, सात नापास झाले म्हणून साहेबांना सांगायचं, की जिल्ह्यातला पहिला कातकरी फिटर आपल्या शाळेतून पास झाला म्हणून? पानावर त्याचा फोटो येईल. शेजारी तुमचा."

सुपारी थांबली. "शेजारी म्हणजे किती मोठा?"

"अर्ध पान."

ठरलं ते असं: ठाण्याहून बाहेरचे परीक्षक बोलवायचे, त्यांच्यासमोर पूर्ण अभ्यासक्रमाची परीक्षा घ्यायची. पास झाला तर दाखला. नापास झाला तर प्रकरण छापायचं नाही आणि मिस्त्रींनी लेखी खुलासा द्यायचा. शेवटचं कलम भाऊसाहेबांनी सुपारी तोंडात टाकता टाकता घातलं. मी विरोध करणार तोच मिस्त्री म्हणाले, "चालेल." रस्त्यात मी त्यांना विचारलं, इतकी खात्री? म्हणाले, खात्री कसली, चार वर्षं त्यानं कानस धरलेली नाय.

२ मार्च, गुरुवार

होळीची सुटी. शाळेचा कारखाना बंद, पण आतून कानशीचा आवाज येत होता. डोकावले. मिस्त्री स्टुलावर बसून शिव्या देत होते आणि सुक्या कोपऱ्यातल्या त्याच शेगड्यावर उभा होता. गिरणीला आज सुटी म्हणून भल्या पहाटे धसईहून चालत आला म्हणे. मी परत फिरले. वर्गात जाऊन फळ्यावर दशांश अपूर्णांक लिहून ठेवले आणि निरोप धाडला की लोखंड संपलं की इकडे ये.

१८ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्याकडून शेवट आधी लिहून होईल.

परीक्षक कोरडा माणूस. चहा घेतला नाही. त्यांनी आराखडा समोर ठेवला: जाड लोखंडी पट्टीत चौकोनी भोक, त्यात बसणारा चौकोनी ठोकळा. ठोकळा चारही बाजूंनी फिरवून घातला तरी सारखाच बसला पाहिजे आणि फटीतून उजेड दिसता कामा नये. मोजमाप अडतीस मिलिमीटर.

मी मिस्त्रींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. गेल्या दोन वर्षांत नवी मापं आली आहेत. सुक्या शिकला तेव्हा शाळा इंचावर आणि सुतावर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागावर, चालायची, आणि गिरणीच्या इंजिनाला अजून मिलिमीटर ठाऊक नाही. कानशीच्या नादात आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

सुक्याने आराखडा बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "सायब, हे आमच्या टायमाला नव्हतं. एका इंचात ही किती बसतात?"

परीक्षकांनी सांगितलं, पंचवीस पूर्णांक चार. सुक्या खाली बसला, खडूने फरशीवर भागाकार मांडला. मी भिंतीकडे तोंड केलं. मला तो भागाकार करता आला असता, पण त्या वेळी आला नसता. थोड्या वेळाने तो उठला. "दीड इंचाला केसभर कमी," म्हणाला, आणि कानस उचलली.

साडेपाच तास. मधे एकदा पाणी प्यायला. मिस्त्री पूर्ण वेळ दारातल्या पायरीवर पाठ करून बसले होते. आत काय चाललंय ते ऐकूनच कळतं म्हणाले, बघायची गरज नाय.

परीक्षकांनी ठोकळा भोकात घातला, काढला, फिरवून घातला. चार वेळा. मग खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला आणि एक डोळा मिटला. नंतर त्यांनी विचारलं, किती वर्षं शिकलास.

"सात वर्सं, सायब."

"कुठल्या इयत्तेपर्यंत?"

"पयलीच."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चहा मागितला.

३० मार्च, गुरुवार

दाखला तयार झाला. उद्या सुटी निघाली, म्हणजे अर्ज आजच पोचायला हवा होता. कारकुनाने ऐनवेळी शंका काढली, सात नोंदींपैकी कुठल्या नोंदीवर दाखला द्यायचा. मी म्हटलं, पहिल्या. आणि बाकीच्या सहांसमोर शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतः लिहिलं: ‘हाच तो.’ सहा वेळा. तांबड्या शाईशेजारी निळी.

सुक्या दाखला घेऊन आसनगावला गेला, तिथून गाडीने पुढे. जाताना पाया पडायला वाकला, तर मिस्त्रींनी त्याला मधेच धरून उभा केला आणि नखांत अडकलेला लोखंडाचा कीस काढून टाक म्हणाले, तिथे लोक बघतात.

भाऊसाहेब सकाळी येऊन गेले. गिरणीसाठी माणूस सुचवा म्हणाले. चेहरा उतरला होता, पण अर्ध्या पानाची आठवण त्यांनी दोनदा करून दिली.

२१ एप्रिल, शुक्रवार

अंबरनाथहून कार्ड. अक्षर त्याचंच. जागा मिळाली. खाली लिहिलंय, इथे सगळे मिलिमीटर वापरतात, मी मनातल्या मनात सूत करतो, कुणाला सांगू नका.

मिस्त्रींना कार्ड दाखवलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि खिशात घातलं. माझं कार्ड होतं. मागितलं नाही.

१२ जून, सोमवार

समारंभ काल झाला. भाऊसाहेब अर्ध्या पानावर छान आलेत. सुक्या जरा हलला आहे, पण ओळखू येतो. प्रकरण साहेबांनी व्यासपीठावर बसल्या बसल्या वाचलं आणि मधे एकदा थांबून नववं कलम कुणी लिहिलं असं विचारलं. मी हात वर केला. ते कलम आता नाही. त्याच्या जागी नवं आहे: ‘भट्टीवर गेलेल्याचे नाव पटावर राहील. परत येईल तेव्हा जिथे सोडले तिथून पुढे शिकवावे.’ हे लिहायला मला पाच मिनिटं लागली, मिस्त्री ते सहा वर्षं करत होते.

आज प्रवेशाचा पहिला दिवस. धसईच्या वाडीतून तिघे आले. पहिल्याला नाव विचारलं तर म्हणाला, नामदेव. रखमीचा मुलगा, सतरा वर्षांचा. मी रजिस्टर काढलं. नामदेव कातकरी, १९५२, नाव कमी.

"तो मी नव्हतो बाई. तवा मी शेरडां राखत होतो."

ठाऊक आहे म्हटलं. पण गंमत म्हणून मिस्त्रींना विचारलं, नव्या कलमाप्रमाणे याचे पाच महिने झालेले आहेत, तर पुढून सुरू करायचं का? त्यांनी त्याच्या हातात कानस दिली आणि दोनदा घासायला लावलं. कानस होडीसारखी डुलली. "ह्याचं कायबी झालेलं नाय. पयल्यापासनं," म्हणाले. खूश दिसले.

मी त्याचं नाव खाली नव्याने लिहिलं. तरी तो टेबलापाशीच घुटमळत राहिला. काय रे, म्हटलं.

"आये बोलली, दिवालीला नाव कमी झालं तर पुढल्या सालचं आताच ठरवून ठेव."

मी त्याला नवं कलम वाचून दाखवलं. आता कमी होणार नाही, हेच नाव शेवटपर्यंत चालेल, असं समजावलं. त्याने मान हलवली, पण जरा हिरमुसला.

"का रे? काय ठरवलं होतंस?"

"भाऊसाहेब," तो म्हणाला.

मिस्त्री तोंड फिरवून, हसू दाबत, खांदे हलवत उभे राहिले. मी मात्र रजिस्टर मिटून घेतलं आणि दुसऱ्याला पुढे बोलावलं.